पंख्याची कुरकुर

आपल्या घरांतील स्त्रिया कानानें जितकें ओळखतात तितकें पुरुषांस डोळ्यांनींही ओळखतां येत नाहीं, असें माझें फार दिवसांचें मत आहे. फोडणींतील मोहरी तडतडावयाची थांबली कीं पुढील जिन्नस टाकावयाचा, हें त्या कढईकडे पाठ करूनही ठरवितात. कुकरची शिटी नीट न होतां नुसती फुसफुसूं लागली, तर झांकणाचें रबर सैल झालें हें बसल्या जागीं त्यांच्या ध्यानांत येतें. पूर्वीं घरोघर जातें होतें, त्या काळीं दाण्यांत एखादा खडा आला तर पीठ पाहण्यापूर्वींच दळणारीचा हात थांबत असे. फ्रेंच वैद्य लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लाविली व तिच्यांतून हृदयाचे ठोके ऐकिले, तेव्हांपासून डॉक्टरांच्या हातीं स्टेथॉस्कोप आला. परंतु रहाटाच्या करकरीवरून आंसास तेल हवें कीं आंसच झिजला, हें सांगणाऱ्या आज्या-पणज्यांस सुरळीचीही गरज पडत नसे.

आवाज हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे. हें वाक्य लिहावयास सोपें आहे. पण प्रसंग आला म्हणजे चांगलीं शहाणीं माणसें तें विसरतात, आणि रोग तसाच ठेवून लक्षणाच्याच पाठीस लागतात. या गोष्टीचा प्रत्यय मला एका पंख्यानें आणून दिला. हा पंखा छताचा नव्हे, कीं टेबलावरचाही नव्हे. पोहण्याच्या तलावाचें पाणी खेळविणाऱ्या मोटारीच्या पाठीमागें बसविलेला, वीतभरही रुंद नसलेला, प्लॅस्टिकचा तो एक क्षुद्र पंखा. त्यानें आमच्या सोसायटींतील कित्येक बिऱ्हाडांची झोंप उडविली, एका वृद्ध माणसाची नोकरी जाण्याची वेळ आणिली, आणि ज्या संकटाची कोणासही कल्पना नव्हती त्याची सूचनाही सरतेशेवटीं त्यानेंच दिली.

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम अंगास आहे. आम्ही दोघे भाऊ, आमचीं मुलें, सुना व नातवंडें शेजारशेजारच्या दोन सदनिकांत राहतों. दारें दोन असलीं तरी स्वयंपाकघर एकच आहे. सोसायटीस एक मोठा पोहण्याचा तलाव व त्याच्या शेजारीं लहान मुलांसाठीं एक उथळ तलाव आहे. दोहोंचे पंप तळघरांतील एकाच खोलींत आहेत, आणि त्या खोलीच्या बरोबर वर आमच्या थोरल्या वहिनींची निजावयाची खोली येते.

तलावाचें पाणी एकदां भरलें कीं झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. थांबलेलें पाणी नासतें. तें सतत फिरावें लागतें. तलावांतून निघालेलें पाणी प्रथम एका जाळीच्या टोपलींतून जातें. तेथें पानें व केंस अडकतात. मग पंप तें पाणी वाळूच्या फिल्टरमधून ढकलतो, नंतर त्यांत क्लोरीनचें औषध मिसळतें, आणि तें पुन्हां तलावांत येतें. आमचा मोठा तलाव १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल आहे. म्हणजे त्यांत १०८ घनमीटर, अर्थात् १,०८,००० लिटर पाणी मावतें. तें सर्व ६ तासांत एकदां गाळून निघावयाचें तर पंपानें ताशीं १८,००० लिटर पाणी ओढलें पाहिजे. दिवसा मुलें पाण्यांत असतात, म्हणून हें काम रात्रीं १० वाजल्यापासून पहांटे ४ वाजेपर्यंत चालतें. त्या मोटारीचा दांडा मिनिटास सुमारें २,८८० फेरे घेतो. एका रात्रींत १० लक्ष ३६ हजारांवर फेरे होतात. इतक्या फेऱ्यांत कोठें नखाएवढी जरी घांस असली, तरी ती किती बोलेल याचा अंदाज वाचकांनींच करावा.

गेल्या एप्रिलच्या आरंभीं वहिनींनीं मला हांक मारिली. त्यांचें वय ७४. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर झोंप आधींच पातळ झालेली. त्या म्हणाल्या, "भावजी, खालीं कोणी रात्रभर पत्र्यावर नख ओढतं आहे असं वाटतं. आधी तासभर गप्प असतं, मग सुरू होतं. आणि पहांटे बंद होतांना एकदम थांबत नाहीं. दमलेल्या माणसासारखं हळूहळू थांबतं."

या तीन वाक्यांत रोगाचें निम्म्याहून अधिक निदान होऊन गेलें होतें. परंतु तें ऐकावयास कार्यकारी मंडळास सवड नव्हती. त्यांच्याकडे तक्रारी येऊं लागल्या होत्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, असेंही एका वकील सभासदांनीं लेखी कळविलें. मग जो तो आपापलें मत देऊं लागला. कोणी म्हणालें, तलावावरचा माणूस तेल घालीत नाहीं. कोणी म्हणालें, मोटार म्हातारी झाली, नवी आणावी. माझ्या पुतण्यानें, तो इंजिनियर आहे, सांगितलें कीं आतां वेग कमीजास्त करतां येणारे नवे पंप निघाले आहेत, ते रात्रीं मंद चालवितां येतात. हें खरेंच होतें. पण जुन्यास काय झालें आहे याचें तें उत्तर नव्हतें. शेवटीं एका कर्त्या सभासदानें वादच मिटविला. त्यानें एक जुनी गोधडी व दोन गोणपाटें आणविलीं आणि मोटारीस पाठीमागून घट्ट गुंडाळून टाकिलीं.

आवाज खरोखरच दबला. दोन रात्री सर्वांनीं त्या गृहस्थाची वाहवा केली. तिसऱ्या रात्रीं मोटार इतकी तापली कीं विजेच्या पेटींतील संरक्षक साधनानें तिचा प्रवाह तोडला. गोधडी निघाली, पण तापलेली मोटार चालू करण्याचें धैर्य कोणास होईना, आणि वायरमन येईपर्यंत तीन दिवस गेले. वैशाखाच्या उन्हांत तेवढ्या अवधींत पाण्यावर हिरवी झांक आली व तलाव मुलांस बंद करावा लागला. दोष मात्र गोधडीच्या माथीं न जातां तलावावरील सेवकाच्या माथीं गेला. त्यांस सर्वजण मामा म्हणतात. वय साठीच्या पलीकडे, शिक्षण चौथीपर्यंत, गांव मराठवाड्यांतलें. मोटारीची निगा राखली नाहीं म्हणून त्यांचा आठ दिवसांचा पगार रोखण्यांत आला, आणि महिनाअखेर त्यांस रजा द्यावी असा ठराव पुढील सभेच्या पत्रिकेवर आला. नव्या पंपाचें ४२,००० रुपयांचें अंदाजपत्रकही त्याच पत्रिकेस जोडलें होतें. सभेस नऊ दिवस अवकाश होता. सेवानिवृत्त मास्तर म्हणजे निरुद्योगी व निःपक्षपाती अशी समजूत असल्यामुळें, या प्रकरणीं चौकशी करून चार ओळी लिहून द्याव्या असें चिटणीसांनीं मला सुचविलें.

हा पंखा मोटारीस कशासाठीं असतो, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अशा मोटारी ज्या तत्त्वावर चालतात त्याचें पेटंट निकोला टेस्ला यांनीं १८८८ सालीं घेतलें. आमच्यासारख्या मोटारींत घांसणारे ब्रश नसतात. दांडा पुढें एक व मागें एक अशा दोन बेअरिंगांवर फिरतो, आणि झिजावयासारखें तेवढेंच काय तें असतें. मोटार सर्व बाजूंनीं बंद असते, म्हणजे पाण्याचे शिंतोडे व धूळ आंत जात नाहीं. पण त्यामुळें आंतील उष्णताही बाहेर पडत नाहीं. दीड किलोवॅटची मोटार घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा ८० ते ८५ इतकीच कामास लाविते; उरलेल्या सुमारें ३०० वॉटची उष्णता होते. ही उष्णता घालविण्यासाठीं मोटारीच्या अंगावर उभ्या-आडव्या पट्ट्या काढलेल्या असतात, आणि मागच्या टोकास दांड्यावरच बसविलेला पंखा जाळीच्या झांकणांतून हवा ओढून त्या पट्ट्यांवरून सोडतो. मोटारीच्या तारांवरील आवरण ठराविक उष्णतेपर्यंतच टिकतें. बी वर्गाचें १३० अंशांपर्यंत व एफ वर्गाचें १५५ अंशांपर्यंत. त्या मर्यादेपलीकडे दर १० अंशांस त्याचें आयुष्य साधारणपणें निम्में होतें, असा इंजिनियरांचा आडाखा आहे. तेव्हां पंख्यास गोधडी पांघरणें म्हणजे ज्वरानें तापलेल्या माणसाचें कण्हणें ऐकवत नाहीं म्हणून त्याच्या नाकातोंडावर उशी दाबणें होय.

माधवकराच्या निदानग्रंथांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति. यांपैकीं उपशय म्हणजे औषध, अन्न वा आचार यांनीं आराम पडतो कीं नाहीं हें पाहून रोगाची खात्री करणें. गोधडीचा उपाय वरवर उपशयासारखा दिसला. परंतु लक्षण दबलें व रोग बळावला, हा उपशय नव्हे. खऱ्या परीक्षेस नैयायिकांची वाट धरावी लागते. तर्कसंग्रह शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास अन्वय व व्यतिरेक हे शब्द पहिल्या वर्षींच भेटतात. जेथें धूर आहे तेथें अग्नि आहे, जसें स्वयंपाकघर, हा अन्वय. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं, जसें सरोवर, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रांत साम्य व भेद पाहून कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडिल्या आहेत, त्यांची जात पुष्कळ अंशीं हीच आहे. व्यतिरेकास सरोवराचाच दृष्टांत कां दिला असेल, याचें मला त्या दिवशीं पंपाच्या खोलींत उतरतांना हंसूं आलें.

रविवारीं परवानाधारक वायरमन आला. मामा होतेच. पहिली परीक्षा मोटार चालू ठेवून केली. एक लांब, कोरडी लांकडी काठी घेऊन तिचें एक टोंक मोटारीच्या अंगास व दुसरें कानाच्या मागील हाडास टेकविलें. (वाचकांपैकीं कोणी हें करूं पाहील तर काठी लांकडीच असावी, ती पंख्याच्या जाळीपासून दूर असावी, आणि सैल बाही, पदर वा उपरणें जवळपास नसावें.) प्रथम पंपाच्या पोटास काठी लाविली. पाणी ओढण्याच्या वाटेंत अडथळा आला किंवा हवा शिरली तर तेथें बुडबुडे होऊन फुटतात, आणि डब्यांत खडे हलविल्यासारखा खडखडाट ऐकूं येतो. तसें कांहीं नव्हतें. पुढच्या बेअरिंगाशीं आवाज सरळ व एकसारखा होता. बेअरिंग बिघडलें तर आंत वाळू दळल्यासारखी घरघर लागते. मागच्या बेअरिंगाशींही घरघर नव्हती. मात्र काठी मागें सरकेल तसा तो नखाचा ओरखडा जवळ येत होता. तळाचे बोल्ट ताणून पाहिले. ते घट्ट होते.

दुसरी परीक्षा बटण बंद करण्याची. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे. त्यामुळें मोटारीच्या लोखंडांत सेकंदास १०० कंपनांचा एक गुंजारव उठतो. दोष विजेच्या अंगाचा असेल तर बटण बंद होतांच तो आवाज तत्क्षणीं तुटतो. दोष फिरणाऱ्या भागांचा असेल तर फेरे मंदावतील तसा आवाजही मंदावतो. आमचा आवाज दमलेल्या माणसासारखा हळूहळू थांबला. वहिनींनीं अंथरुणावर पडून जें सांगितलें होतें, तेंच हें होतें.

तिसऱ्या परीक्षेपूर्वीं वायरमननें मुख्य स्विच बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशांत घातले, आणि प्रवाह नाहीं याची टेस्टरनें खात्री करून घेतली. फ्यूज खिशांत घालण्याची ही रीत मला फार आवडली. 'बंद आहे' असें दुसऱ्यानें सांगणें निराळें, आणि चालू करण्याचें साधन आपल्याच खिशांत असणें निराळें. मग जाळीचें झांकण काढलें. त्याच्या आंतल्या अंगास रुपयाच्या नाण्याच्या कडेसारखी चकचकीत अशी एक गोल रेघ उमटली होती. पंखा दांड्यावर जागेवर राहावा म्हणून त्याच्या मागें पोलादाची एक लवचीक कडी असते, तिला सर्क्लिप म्हणतात. ती गंजून पापडासारखी झाली होती; बोट लावतांच तिचे तुकडे पडले. कडीचा धरबंद सुटल्यामुळें पंखा थोडा मागें सरकला होता, आणि झांकणाशीं त्याचें अंतर केंसाएवढें उरलें होतें. मोटार थंड असतां तें अंतर पुरत असे. तापल्यावर प्लॅस्टिक लोखंडाहून कितीतरी पट अधिक फुगतें. तासाभरानें पातें झांकणास टेके व ओरखडा सुरू होई. वहिनींच्या 'आधी तासभर गप्प' या शब्दांचा उलगडा असा झाला.

तरीही व्यतिरेक राहिला होता. वायरमननें पंखा दांड्यावरून उतरविला, सर्वांस भिंतीशीं उभें केलें, आणि एक मिनिटभर मोटार पंख्यावांचून चालविली. पंखा आहे तेव्हां ओरखडा आहे. पंखा नाहीं तेव्हां ओरखडाही नाहीं. मिनिट संपतांच त्यानें बटण बंद केलें, कारण पंख्यावांचून मोटार चालविणें म्हणजे गोधडीचाच दुसरा प्रकार. नवा पंखा, नवी कडी व नवें झांकण मिळून सातशें रुपयांच्या आंत काम झालें. त्याची मजुरी निराळी. तेल न घातल्याच्या आरोपाचाही तेथेंच निकाल लागला. त्या मोटारीचीं बेअरिंगें दोन्ही अंगांनीं बंद होतीं, कारखान्यांतच वंगण भरून आलेलीं. त्यांत तेल घालावयास जागाच नसते.

येथें चौकशी संपली असें म्हणतां आलें असतें. पण कडी कां गंजली? पोलादाची कडी तीन वर्षांत पापड होत नाहीं. मामांच्या निष्काळजीपणानें गंजली असें म्हणावें, तर समोरच्या भिंतीशीं दुसरा साक्षीदार उभा होता. लहान तलावाची मोटार त्याच बनावटीची, त्याच दिवशीं बसविलेली, तितकेच तास चालणारी, त्याच मामांच्या देखरेखीखालची होती. तिचें झांकण काढून पाहिलें, तों कडी नवीसारखी. मनुष्य तोच, मोटार तीच, खोली तीच. मग भेद कोठें? मीं झांकण उजेडांत धरलें. गंज सर्वत्र सारखा नव्हता. एका बाजूस पत्रा चाळणीसारखा खाल्ला गेला होता व दुसऱ्या बाजूस रंगही शाबूत होता. ती खाल्लेली बाजू जिकडे असे, तिकडे दोन हातांवर भिंतीशीं आम्लाचे तीन कॅन मांडून ठेविले होते.

तलावाच्या औषधामुळें पाण्याचा क्षारधर्म वाढत जातो; तो उतरविण्यासाठीं मधूनमधून हायड्रोक्लोरिक आम्ल घालावें लागतें. हें आम्ल कॅनचें बूच लाविलें असतांही थोडें थोडें धुमसतें, आणि त्याची वाफ पोलादास खाते. पंख्याचें कामच हवा ओढण्याचें. त्यानें रात्रीमागून रात्र ती वाफ आपल्याच अंगावर ओढून घेतली. लहान तलावाची मोटार दूर होती म्हणून वांचली.

मीं मामांकडे पाहिलें. ते म्हणाले, "गुरुजी, म्या दोनदां सांगितलं व्हतं. हितं ॲसिड ठिवूं नगा म्हनलं, डोळं चुरचुरत्यात. पर फाटकाजवळची खोली मांडवाच्या सामानाला दिली. मग ठिवूं कुटं?" आणि त्यांनीं खुंटीवरच्या पिशवींतून शाळेंतल्या मुलांची असते तशी एक वही काढली. तींत रोज कोणतें औषध किती घातलें याची नोंद मोठ्या, गोल अक्षरांत केलेली होती. १२ जानेवारीच्या पानावर औषधाच्या आंकड्याखालीं लिहिलें होतें: 'आसिडचा वास. खोली द्यावी.' ३ मार्चच्या पानावर पुन्हां तेंच. दोन्ही ठिकाणीं कार्यालयाचा पोंचेचा शिक्का होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सोडल्या तर त्या अर्जांत एक अक्षरही अधिक-उणें नव्हतें.

याहून गंभीर गोष्ट वायरमनच्या ध्यानांत आली. त्या तीन कॅनांस लागूनच क्लोरीनच्या औषधाचें, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचें, पिंप होतें. हीं दोन द्रव्यें एकत्र आलीं कीं त्यांतून क्लोरीन वायु निघतो. याच वायूचा १९१५ सालच्या २२ एप्रिल रोजीं बेल्जममधील ईप्र येथील रणांगणावर जर्मन सैन्यानें अस्त्र म्हणून उपयोग केला होता. हा वायु हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असल्यामुळें वर न जातां खालीं सांचतो. आणि आमची खोली तळघरांतली. एखादा कॅन गळला असता, किंवा एखाद्या घाईच्या सकाळीं एकाचें माप दुसऱ्यांत बुडविलें गेलें असतें, तर तेथें असणारा मनुष्य मामाच असता. मोठ्या तलावाचा पंखा कुरकुरला नसता तर आम्ही त्या खोलींत उतरलोंच नसतों. घरांतील मंडळींनींही येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. न्हाणीघर व संडास स्वच्छ करण्याचें आम्लाचें द्रव्य आणि कपडे पांढरे करण्याचें ब्लीचिंगचें द्रव्य हीं कधींही एकत्र ओतूं नयेत, एकामागून एकही वापरूं नयेत, आणि शेजारीं शेजारीं ठेवूंही नयेत. अधिक स्वच्छतेच्या हौसेनें हा अविचार पुष्कळ घरीं होतो.

मीं चार ओळींऐवजीं दोन पानें लिहून दिलीं. त्यांत कोणास शब्द लाविला नाहीं. मामांच्या वहींतील दोन पानांच्या प्रती व दोन्ही झांकणांचीं छायाचित्रें मात्र जोडलीं. सभेंत नव्या पंपाचा ठराव मागें घेण्यांत आला. मामांस रजा देण्याचा ठराव पुकारला, तेव्हां चिटणीसांनीं 'पुढील विषय' एवढेंच म्हटलें. क्षमायाचना कोणी केली नाहीं. मोठ्या सभांत ती क्वचितच होते. परंतु रोखलेला आठ दिवसांचा पगार दुसऱ्या दिवशीं मामांस मिळाला. फाटकाजवळची हवेशीर खोली मांडवाचें सामान हलवून आम्लासाठीं रिकामी करण्यांत आली. क्लोरीनच्या पिंपास निराळी जागा मिळाली. आणि पंपाच्या खोलींत खालची हवा बाहेर काढणारा एक पंखा लागला. ज्या गृहस्थांनीं गोधडी पांघरली होती, त्यांनींच त्या पंख्याचा खर्च दिला, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

वाचकांच्या घरीं तलाव नसेल. पण पाणी चढविणारी मोटार, शीतकपाट, हवा थंड करणारें यंत्र, मुलांचे संगणक यांपैकीं कांहींतरी असतेंच, आणि त्यांतील बहुतेकांत उष्णता घालविणारा लहानमोठा पंखा असतो. त्यानें कुरकुर केली तर क्रम एवढाच: आवाज केव्हां सुरू होतो व केव्हां थांबतो हें प्रथम पाहावें, बटण बंद केल्यावर तो तुटतो कीं मंदावतो हें ऐकावें, प्रवाह तोडून जाळींत पान, धूळ, सुतळी किंवा कुंभारमाशीचें घर नाहीं ना, हें तपासावें, पुढील काम जाणत्या माणसाकडून करवावें, आणि दोष सांपडल्यावर तो कां उत्पन्न झाला, असा आणखी एक प्रश्न विचारल्यावांचून उठूं नये. आवाज दाबण्यासाठीं मात्र कशावरही कांहीं पांघरूं नये.

मला वाटतें, मोठ्या कुटुंबांतही हेंच लागू आहे. घरांत एखादी सून, एखादी सासू, एखादा वृद्ध, किंवा अभ्यासावर बसलेला एखादा मुलगा कुरकुर करूं लागला म्हणजे 'गप्प बैस' ही गोधडी आपल्या हाताशींच असते, आणि ती घातली कीं दोन रात्री शांततेंत जातात. पण कुरकुर करणारा पुष्कळदां घरांतील सर्वांत अधिक राबणारा असतो. आणि ज्या वाफेनें त्याची कडी खाल्ली, ती कोणीतरी सोयीसाठीं त्याच्या शेजारीं आणून ठेविलेली असते. त्याचें ऐकावयास विद्वत्ता लागत नाहीं. मामांनीं दोनदां लिहिलें होतें, वहिनींनीं एकदां सांगितलें होतें. दोघांचेंही तंतोतंत खरें होतें.